सातवी ब मधलं अण्णांचं घर

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आजपासून ही वही. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे शिणतात, संध्याकाळी पुन्हा स्क्रीनवर लिहायची हौस नाही, म्हणून कागद आणि पेन. एश्बॉर्नच्या ऑफिसातून र्युसेल्सहाइमला घरी यायला एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये तासभर मिळतो. आज सिग्नलच्या बिघाडामुळे पावणेदोन तास मिळाले, तेव्हा सुरुवात दणक्यात झाली म्हणायची.

वही काढायचं कारण असं की आमच्या पाच माणसांच्या कंपनीला शाळेचं काम मिळालंय आणि ते माझ्या हाती आहे. सातवीच्या मुलांना हवामानबदल शिकवायचा, तोही व्हीआर हेडसेट डोळ्यांवर चढवून. बारा मिनिटांचा एक धडा. मूल उभं असतं वर्गातच, पण त्याला दिसतं की आपण एका घरात आहोत आणि घरात पाणी चढतंय. वीस वर्षं पोरांना आलेख दाखवून झाले, एकालाही त्या आलेखाने झोप उडवल्याचं ऐकिवात नाही. पाणी गुडघ्याशी आलेलं दिसलं तर कदाचित उडेल.

शाळा आमच्या गावातली आणि वर्गही आमच्या तनयाचा, सातवी ब. घरी आल्यावर बायकोला, नीलांबरीला सांगितलं. ती म्हणाली, "छान." आणि भाजी चिरत राहिली. अपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, आठ तास उभं राहून आल्यावर तिच्याकडून जास्त उत्साहाची अपेक्षा करणं बरोबर नाही, पण थोडी केली होती.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

तनयाच्या भूगोलाच्या बाई, फ्राउ हेलविग, यांच्याशी पहिली मीटिंग. साठीच्या, केस बारीक कापलेले, प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घेणाऱ्या. मी त्यांना आर खोऱ्यातल्या २०२१ च्या पुराचा धडा सुचवला. इथून दोन तासांवरचा भाग, मुलांनी टीव्हीवर बघितलेला. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नाही म्हणाल्या. वर्गावर्गात अशी मुलं आहेत ज्यांचं कुणी ना कुणी तिथे राहायचं. शाळेच्या मानसतज्ज्ञांचंही म्हणणं असं की पूर दाखवायचा तर लांबचा दाखवा, इतका लांबचा की वर्गात त्याच्याशी कुणाचंच नातं नसेल.

शाळेतून ऑफिसला जाताना मी वैतागलो होतो. इथल्या लोकांना कशाचीही आधी काळजी करून ठेवायची सवय. मग गाडी माइन नदीवरच्या पुलावर आली आणि मला एकदम सुचलं. त्याच जुलैत, आर खोऱ्यानंतर बरोबर आठ दिवसांनी, चिपळूण बुडालं होतं. तिथल्या एका घराचा इंच न् इंच मला माहीत आहे. फोटो आहेत, व्हिडिओ आहेत, आवाजसुद्धा आहे. उतरायच्या आत मी बाईंना मेल लिहिलं: पश्चिम भारतातलं एक छोटं शहर, इथून साडेसहा हजार किलोमीटर. त्यांचं लगेच उत्तर आलं, उत्तम.

रविवार, १६ फेब्रुवारी

नीलांबरी मराठी मंडळाच्या मीटिंगला फ्रँकफुर्टला गेली होती. तेवढ्यात मी तिच्या कपाटातला जुना फोन काढला.

इथे थोडं लिहून ठेवायला हवं. अण्णा म्हणजे तिचे वडील, पद्माकर अण्णा. चिपळूणच्या बाजारात त्यांचं सायकलचं दुकान होतं, मागे दोन खोल्यांचं घर, वर माळा. पूर आला तेव्हा ते घरात एकटेच होते. सासूबाई रत्नागिरीला समर्थकडे, म्हणजे माझ्या मेव्हण्याकडे गेल्या होत्या. पहाटेपासून अण्णांनी नीलांबरीला सात व्हॉइस मेसेज पाठवले. तिकडची पहाट म्हणजे इकडची मध्यरात्र. आम्ही झोपलो होतो आणि तिचा फोन सायलेंटवर होता. अण्णा दोन दिवसांनी सापडले. करोनामुळे आम्हाला जाता आलं नाही. दहावं समर्थने केलं, आम्ही व्हिडिओवर बघितलं.

फोन मी सायलेंट केला होता. हे कुठेतरी एकदा लिहायला हरकत नाही. तिच्या माहेरच्या ग्रुपवर पावसाचे मेसेज खणखणत होते आणि सकाळी नऊला माझा इंटरव्ह्यू होता, याच नोकरीचा. ती गाढ झोपलेली. मी हात लांब करून बटण सरकवलं, बस. सकाळी तिने फोन बघितला आणि म्हणाली, मी सायलेंट कसा केला गं बाई. तिला तेच वाटलं, आजही तेच वाटतं. तेव्हा सांगायचं राहिलं. नंतर सांगून काय होणार होतं? गेलेला माणूस काही परत येणार नव्हता, आणि नीलांबरीनेही तो विषय कधी काढला नाही. म्हणजे तिच्या मनातून तो गेला असणार.

फोन ऐंशी टक्के चार्ज होता. दर महिन्याला ती तो चार्ज करते, का कोण जाणे. पिन तनयाची जन्मतारीख. सातही मेसेज माझ्या लॅपटॉपवर घेतले. पहिल्या सहांच्या शेजारचा माइक निळा होता, सातव्याचा हिरवा. वाजवल्यावर तोही निळा झाला. फोन बदलताना असल्या गमती होतात.

सातवा सगळ्यात चांगला आहे. मागे पाण्याचा आवाज आहे पण शब्द स्वच्छ. तेरा सेकंदांचा: "नीलू, मी माळ्यावर जातोय आता. तू झोपलेली असशील. उठलीस की फोन कर. घाई नाही गो."

ऐकून मी फोन परत कपाटात ठेवला. मला अण्णा आवडायचे. मला ते 'प्रदीपराव' म्हणायचे आणि माझ्या हातात कधी पाना द्यायचे नाहीत, पँट खराब होईल म्हणून.

मंगळवार, ११ मार्च

घर उभं राहिलं. आमचा प्रोग्रामर योनास भलता हुशार आहे. फोटोंवरून त्याने भिंतीचा पोपटी रंग, देवळीतला दिवा, छताच्या वाशांना ठोकलेले आकडे, सगळं हुबेहूब केलं. मी ऑफिसात हेडसेट चढवला आणि दुकानात उभा राहिलो. ग्रीसचा वास तेवढा नव्हता.

धड्याचं सूत्र अण्णांनीच दिलं. तिसऱ्या मेसेजमध्ये ते म्हणतात, पाणी उंबऱ्याला लागलंय, गिऱ्हाइकांच्या सायकली आधी वर टांगतो, आपल्या मागाहून. झालं. मुलांना चार मिनिटं द्यायची. पाणी चढतंय, सायकली सोळा, आकडे बारा. काय वर टांगायचं, काय सोडायचं आणि स्वतः माळ्यावर कधी जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शेवटी अण्णांचा आवाज, खाली जर्मन अक्षरं. मग पडदा काळा आणि मोजके आकडे: समुद्र किती तापला, पाऊस किती वाढला. योनास म्हणाला, इतका खरा धडा आपण कधी केला नाही. मीही म्हणालो, गेनाऊ, अगदी बरोबर.

खोल्यांची मापं हवी होती म्हणून समर्थला फोन केला होता. त्याने सगळी दिली आणि शेवटी विचारलं, "ताईला माहितीये ना हे?" मी म्हटलं, मी शाळेचं काम करतोय हे तिला माहीत आहे. खोटं काही बोललो नाही.

तिला नीट सांगायचं आहेच. पूर्ण झालं की दाखवेन. अण्णांचं दुकान इथल्या शंभर शाळांतल्या पोरांनी बघितलं तर तिला बरंच वाटेल. मला वाटतं, हे मी तिच्यासाठीच करतोय.

शुक्रवार, २८ मार्च

शाळेचे फॉर्म. जर्मनीत मुलाच्या डोळ्यांवर काहीही चढवायचं तर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. चोवीस मुलांचे फॉर्म बाईंनी गोळा केले आणि एकच परत आला, आमचा. त्यावर माझी एकट्याची सही होती.

मी गाडीतच नीलांबरीची सही करून टाकली. तेरा वर्षं मी तिच्या सह्या करत आलोय. ती इथे आली तेव्हा तिला जर्मन येत नव्हतं. किंडरगार्टन, आरोग्यविमा, घराचा करार, सगळे कागद मीच भरायचो आणि सहीसाठी ती म्हणायची, तूच कर, मला वाचूनही काही कळणार नाही. आता ती अपोथेकेत जर्मन म्हाताऱ्यांना औषधं समजावून देते, पण कागदांची वाटणी तशीच राहिली. आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांत हेच चालतं.

माझ्याकडून आणखी एक कागद हवा होता, धडा बनवणाऱ्याचा. त्यात एक प्रश्न: या घटनेशी वर्गातल्या कुणा मुलाचा वैयक्तिक संबंध आहे का? पेन थोडं थांबलं. तनया तेव्हा नऊ वर्षांची होती. चिपळूण तिने आयुष्यात तीनदा पाहिलं. मराठीत विचारलं तर जर्मनमध्ये उत्तर देणारी मुलगी. मी 'नाइन'वर, म्हणजे 'नाही'वर, खूण केली.

मंगळवार, १३ मे

आज वर्गात धडा झाला. घडलं तसंच लिहितो.

बारा हेडसेट, म्हणून मुलं दोन गटांत. पहिल्या गटात आधी खिदळणं, एकमेकांना धडकणं. मग पाणी दिसलं आणि आवाज कमी होत गेले. बारा पोरं मोकळ्या हवेत हात उंचावून, नसलेल्या सायकली नसलेल्या आकड्यांना टांगत होती. अण्णांचा आवाज आला तेव्हा वर्ग चिडीचूप. हेडसेट काढल्यावर एका मुलाने विचारलं, परत पहिल्यापासून लावता येईल का. आता त्याला कळलं होतं की सायकलींच्या नादी लागायचं नाही, म्हाताऱ्याला आधी वर पाठवायचं. मी बाईंकडे विजयी नजरेने बघितलं. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठी पावती नाही.

दुसऱ्या गटात तनया. ती एकदाही हसली नाही. घर दिसताच ती डावीकडे वळली आणि देवळीपाशी गेली. मग शिस्तीत, न गडबडता, एकेक सायकल उचलायला लागली. सगळ्यांआधी तिने बाराही आकडे भरले. अण्णांचा आवाज आला आणि ती थांबली. मान वर करून, हेडसेट डोळ्यांवर तसाच ठेवून, ती मोठ्याने म्हणाली, "आजोबा, आई झोपलीये."

मराठीत म्हणाली. वर्षभरात मी तिच्या तोंडून अख्खं मराठी वाक्य ऐकलं नव्हतं.

धडा संपला तरी तिने हेडसेट काढला नाही. फ्राउ हेलविगनी हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, तू कुणाशी बोलत होतीस. ती म्हणाली, "दास इस्ट माइन ओपा." माझे आजोबा आहेत. बाईंनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मुलांना मैदानावर पाठवलं आणि लॅपटॉप मिटला. मग एवढंच म्हणाल्या की हेर जोशी, त्या कागदावर तुम्ही 'नाही' लिहिलं होतं.

घरी जायला पाय निघत नव्हते. गावातल्याच स्टेशनवर जाऊन, प्लॅटफॉर्मवर बसून हे लिहितोय.

बुधवार, १४ मे

काल मी पोचायच्या आधीच तनयाने आईला सांगितलं होतं.

नीलांबरी पोळ्या करत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "कोणता मेसेज लावलास?"

मी म्हटलं, शेवटचा, सातवा.

तिने लाटणं ठेवलं, हात न धुताच आत गेली आणि जुना फोन घेऊन आली. काचेवर पीठ लागलं होतं. तिने तो माझ्यासमोर धरला. सातही माइक निळे.

"मी तो ऐकला नव्हता," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग ती हळूहळू बोलली. त्या सकाळी सात वाजता स्वयंपाकघरात उभी राहून ती एकेक मेसेज ऐकत होती. सहावा संपला आणि समर्थचा फोन आला की अण्णा सापडत नाहीत. सातवा तिने वाजवला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. आपण फोन बंद करून झोपलो आणि ते तिकडे हाका मारत होते. त्यात ते काय म्हणाले असतील, आपल्याला बोलावत असतील, ओरडत असतील, हे ऐकायची तिची हिंमत नव्हती. आणि तो ऐकला नाही तोवर अण्णांचं आपल्याशी बोलून संपलेलं नाही, असंही तिला वाटायचं. म्हणून दर महिन्याला चार्जिंग.

"तुला, योनासला, सातवी ब मधल्या सगळ्या मुलांना माहितीये ते काय म्हणाले," ती म्हणाली. "मलाच माहीत नाही."

मी सांगायला लागलो की अगं, त्यात तसलं काहीच नाहीये, ते फक्त…

"तू नको सांगूस."

तव्यावरची पोळी करपून काळी झाली होती. मी शेगडी बंद केली. तेव्हाच बोलायला हवं होतं, की फोन तू बंद केलाच नव्हतास. जिभेवर आलं होतं. पण एका दिवसात तिला दोन धक्के कसे द्यायचे, असं मनाशी म्हणालो. आज सकाळपासून स्वतःला विचारतोय, मी नक्की कुणाला जपत होतो.

शुक्रवार, १६ मे

शाळेत बोलावलं होतं, दोघांनाही. फ्राउ हेलविगनी आधी नीलांबरीची क्षमा मागितली. त्यांची स्वतःची चूक काहीच नव्हती. त्या म्हणाल्या, माझ्या बहिणीचं घर आर खोऱ्यात होतं, म्हणून मला वाटलं की लांबचा पूर बरा. कुणासाठी लांबचा, हे मी विचारायला हवं होतं. मग त्यांनी संमतीचा फॉर्म पुढे सरकवला आणि नीलांबरीला विचारलं की ही सही तुमचीच ना. सही तिची नसती तर प्रकरण वरपर्यंत गेलं असतं. माझी नोकरीही गेली असती, हे मला बसल्या जागी कळलं.

नीलांबरीने कागद हातात घेऊन नीट पाहिला. मग शांतपणे जर्मनमध्ये म्हणाली, "हो, माझीच आहे."

घरी येताना ती अर्ध्या रस्त्यात थांबली. मग म्हणाली, "माझी सही तू माझ्यापेक्षा चांगली करतोस."

मी थँक यू म्हणालो. यापेक्षा मूर्खपणाचं उत्तर मला सुचलं नसतं.

सोमवार, २६ मे

अण्णांचा आवाज धड्यातून काढला. योनास म्हणाला होता की कुणा नटाकडून तेच वाक्य वाचून घेऊ, पण मी नको म्हटलं. घर राहिलं, रंग बदलून. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका शाळेत धडा झाला आणि पोरांना आवडला. त्यांना काही कमी वाटलं नाही. मला मात्र ते घर बघवेना.

घरात शांतता आहे. भांडण नाही. नीलांबरी डबा देते, विचारलं तर उत्तर देते. झोपते तनयाच्या खोलीत.

आज संध्याकाळी मी दार उघडून आत आलो तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या. मला बूट काढताना ऐकू आलं. नीलांबरी तनयाला विचारत होती, "सांग. आजोबा काय म्हणाले?"

तनयाने सांगितलं. जर्मनमध्ये नाही. अण्णांच्याच शब्दांत, त्यांच्याच चालीत, शेवटच्या 'गो'सकट: "उठलीस की फोन कर. घाई नाही गो."

 नीलांबरी रडायला लागली. तिला असं रडताना मी अण्णा गेले तेव्हाही ऐकलं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, आता तिची सुटका होईल. अण्णा ओरडले नव्हते, रागावले नव्हते, आता तरी तिला कळलं.

पण ती रडतारडता म्हणत होती, "घाई नाही म्हणाले. शेवटपर्यंत मला समजून घेत राहिले. आणि मी फोन बंद करून झोपले."

तनया तिला म्हणत होती, "नाइन, ममा, नाइन." मी चपला घालून खाली उतरलो आणि पार्किंगमध्ये उभा राहिलो. माझी मलाच किळस आली.

गुरुवार, २९ मे

आज सुट्टी. सांगितलं.

माइनच्या काठाने आम्ही दोघं चालत होतो. ती नको म्हणत होती, मीच आग्रह केला. बंधाऱ्याच्या पुढच्या बाकावर बसलो. मी कितीतरी वेळ इकडचं तिकडचं बोललो, मग एकदम म्हणालो की त्या रात्री तुझा फोन मी सायलेंट केला होता. तू नाही. सकाळी इंटरव्ह्यू होता, मेसेज खणखणत होते, मी बटण सरकवलं आणि झोपलो.

तिने विचारलं, "कधीपासून माहितीये तुला?"

प्रश्नच मला कळेना. मी म्हटलं, तेव्हापासूनच. मीच तर केला होता.

"म्हणजे त्या सकाळी मी म्हणाले, मी कसा सायलेंट केला, तेव्हा तू समोर होतास."

मी हो म्हणालो.

ती नदीकडे बघत बसली. एक मालवाहू बोट गेली. मग म्हणाली की अण्णा कुणाचं ऐकायचे नाहीत. आईचं नाही, समर्थचं नाही. फक्त माझं ऐकायचे. मी जागी असते तर म्हटलं असतं, अण्णा, मरू देत लोकांच्या सायकली, आत्ताच्या आत्ता माळ्यावर जा. ते कुरकुरले असते आणि वेळेत गेले असते.

मी म्हणालो, मला माफ कर. चार वर्षांत पहिल्यांदा म्हणालो.

"आधी आईला सांग," ती म्हणाली. "समर्थला सांग. मी त्यांची चार वर्षं माफी मागतेय. दर फोनला. तुझ्यासमोर."

हे खरं आहे. दर रविवारी फोन ठेवताना ती म्हणायची, आई, त्या दिवशी मी उठायला हवं होतं. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत असायचो. मी ते ऐकायचो आणि पान उलटायचो.

रविवार, १ जून

सकाळी दहाला रत्नागिरीला फोन लावला. तिकडे जेवणं आटोपली असतील अशा बेताने. नीलांबरी शेजारी बसली, फोन स्पीकरवर. आधी समर्थ आला. मी त्याला झालेलं सांगितलं. तो म्हणाला, "भावोजी, मापं मागायला फोन केला होतात, तेव्हा तरी बोलायचं होतंत." आणि फोन आईंकडे दिला.

आईंना मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. बटण, इंटरव्ह्यू, नीलांबरीचा गैरसमज, मी तो तसाच राहू दिला ते.   संपल्यावर आई म्हणाल्या, "प्रदीपराव, आपल्या हातात असतं का हो काही? नीलू तिकडून काय करणार होती? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझा तुमच्यावर राग नाही." मग विचारलं, तनया बरी आहे ना, तिची परीक्षा कधी आहे. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. फोन ठेवला आणि मला रडू आवरेना. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, ते लपवून काय करू.

डोळे पुसून मी नीलांबरीकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"आई माफ करणार हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "ती सगळ्यांना करते. म्हणूनच तुला आधी तिच्याकडे पाठवलं. निदान एकीकडून तरी तुला मिळावी."

मी विचारलं, आणि तू?

ती उठली. शाळा सुटली की ती आणि तनया दीड महिना चिपळूणला जाणार आहेत, तिकिटं तिने काल काढली. दोनच. हे तिने मला तेव्हा सांगितलं, अगदी साधेपणाने, जसं दूध संपलंय म्हणून सांगतात.

मी विचारलं, "किती दिवस लागतील तुला?"

"मी चार वर्षं मोजली नाहीत, प्रदीप," ती म्हणाली. "तूही मोजू नकोस."